विमानात काही खटकलं, तर क्रूला नेमकं काय आणि कसं सांगायचं? (अनुभव धागा)

धागा सुरू करताना, इंदूर

इंदूरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या विमानात आपली माणसं कायम असतात. पंखाखाली ओघळ दिसतो, जळका वास येतो, कुणाचा फोन सीटच्या फटीत जातो. आणि मनात येतं, ‘वैमानिकांना कळलंच असेल, आपण कशाला मधे बोलायचं?’ मला हा समज घातक वाटतो.

8 जानेवारी 1989 रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग 737-400 च्या डाव्या इंजिनातल्या पंख्याचं एक पातं तुटलं. कॉकपिटमध्ये उजवं इंजिन बिघडल्याचा समज झाला आणि धडधाकट असलेलं उजवं इंजिन बंद केलं गेलं. कॅप्टननी तसं प्रवाशांना सांगितलंही. मागे बसलेल्या कित्येकांनी आणि केबिन क्रूपैकी काहींनी ज्वाला डाव्या इंजिनातून येताना पाहिल्या होत्या. पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत कुणीच पोचवली नाही. विमान केगवर्थ गावाजवळ कोसळलं आणि 126 पैकी 47 जण गेले.

विमानात, हँगरमध्ये किंवा प्रशिक्षणात काम केलेल्यांनी इथे लिहावं. प्रवासाच्या कहाण्या नकोत. नेमकं काय पाहायचं, काय सांगायचं आणि कुठे घोटाळा होतो, तेवढं हवं.

केबिन क्रू, एअरबस 320 आणि एटीआर

आधी बटणाचं. डोक्यावरच्या पट्टीत दिव्याचं बटण आणि माणसाच्या चित्राचं बटण शेजारी-शेजारी असतात. बोलावायचं ते माणसाच्या चित्राचं. उड्डाण आणि उतरणं चालू असताना क्रू जंपसीटला (क्रूच्या घडीच्या सीटला) पट्टा बांधून असतो, त्यामुळे बटण दाबूनही कुणी उठून येणार नाही. अशा वेळी खरंच आग किंवा धूर दिसत असेल, तर बसल्या जागेवरून मोठ्याने सांगा. जवळच्या जंपसीटपर्यंत आवाज पोचतो आणि क्रूच्या हाताशी कॉकपिटशी बोलायचा इंटरफोन असतो. तुम्ही मात्र उठू नका.

10,000 फुटांखाली कॉकपिटशी अनावश्यक बोलायचं नाही असा नियम आहे. काही प्रवासी आणि कधी नवीन क्रूसुद्धा त्याचा अर्थ ‘काहीच सांगायचं नाही’ असा घेतात. तो चूक आहे. सुरक्षेची गोष्ट त्या वेळीही कळवायचीच असते.

सांगताना चार गोष्टी: कुठे (रांगेचा क्रमांक आणि सीटचं अक्षर), काय (रंग, वास, आवाज), कधीपासून, आणि वाढतंय की तसंच आहे. ‘पंखातून काहीतरी येतंय’ एवढ्यावर आम्हाला आधी जागा शोधावी लागते. ‘21 एफच्या खिडकीतून, पंखाच्या मागच्या कडेला पांढरा पातळ फवारा, उड्डाणापासून, थांबलेला नाही’ हे वाक्य मी इंटरफोनवर जसंच्या तसं वाचून दाखवू शकते. गरज पडली तर कॅप्टन सहवैमानिकाला केबिनमध्ये पाठवतात आणि ते तुमच्याच खिडकीतून पाहतात. त्यामुळे जागा सोडून जाऊ नका आणि खिडकीचं झाकण उघडं ठेवा.

क्रूने ‘हे नॉर्मल आहे’ म्हटलं आणि तुमचं समाधान झालं नाही, तर केबिन इनचार्जना बोलावायला सांगा आणि म्हणा, ‘कॅप्टनना कळवा आणि ते काय म्हणाले ते मला सांगा.’ यात उद्धटपणा नाही. निरोप पोचल्याची खात्री त्यामुळे होते.

ताईंच्या मुद्द्याला जोडून, आणखी एक क्रू, इंदूरचीच

डाव्या-उजव्याचा घोटाळा आपल्या मराठी माणसांचा खास आहे. मराठीत डावा म्हणजे हिंदीतला बायाँ, पण कानाला ‘डावा’ आणि ‘दायाँ’ जवळचे वाटतात. घाईत हिंदी बोलताना ‘दायाँ इंजन’ तोंडातून जातं आणि मनात असतं डावं. त्यात इंदुरात ‘सीधे हाथ, उल्टे हाथ’ चालतं. शिवाय काही जंपसीटवर आमचं तोंड प्रवाशांकडे असतं, म्हणजे आमचा डावा हात तुमच्या उजवीकडे येतो. केगवर्थ आठवा. डावं-उजवं म्हणूच नका. ‘ए बाजू’ किंवा ‘एफ बाजू’ म्हणा आणि बोटाने दाखवा. पुढे तोंड करून बसल्यावर ए नेहमी डावीकडे असतो.

मराठीत सांगितलं तरी चालतं का, असं पुष्कळ जण विचारतात. समोरच्या क्रूला मराठी येत असेलच असं नाही. आजी-आजोबा एकटे जात असतील, तर ‘सीट नंबर, धुआँ, जलने की बदबू, इधर’ एवढे शब्द त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

विमान देखभाल अभियंता

लोक ज्यांना घाबरतात त्यातलं बरंच निरुपद्रवी असतं. ते ओळखता आलं, तर उरलेलं ठामपणे सांगता येतं.

जून ते सप्टेंबर इंदूर-बडोद्याच्या दमट हवेत थंड हवेच्या झडपांतून पांढरं धुकं येतं. त्याला वास नसतो, ते खाली उतरत विरतं आणि इंजिनं नीट चालू झाल्यावर थांबतं. धूर वर चढतो, छताला साचतो, डोळ्यांना झोंबतो आणि बहुधा करडा किंवा काळपट असतो. एअरबस 320 मध्ये जमिनीवर असताना मजल्याखालून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा किंवा करवतीसारखा आवाज येतो. तो हायड्रॉलिकच्या एका यंत्राचा, नेहमीचा. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो, कारण तिथे जोर कमी करतात. खिडकीच्या मधल्या काचेत तळाशी बारीक भोक असतं. ते दाब सारखा राहावा म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं. आतली पातळ काच नुसती ओरखड्यांपासून वाचवायला असते. पंखावरची चंदेरी पट्टी ही मान्यता असलेली ॲल्युमिनियमची टेप असते.

आता जे सांगायलाच हवं ते. त्याच टेपची कड उचलून फडफडत असेल. बाहेरच्या काचेला तडा असेल. झाकणाचा स्क्रू निघून पत्रा हलत असेल. इंजिनाच्या आवरणाची खालची कडी उघडी लोंबत असेल. पंखाच्या मागे पांढरा फवारा सतत सुटत असेल. ढगातून जाताना पंखाच्या टोकाशी क्षणभर दिसणारी रेघ वेगळी, ती बाष्पाची. फवारा कोरड्या हवेतही चालू राहतो.

आणि वेळ फार महत्त्वाची. पुशबॅकपूर्वी (विमान मागे ढकलण्याआधी) सांगितलंत तर अभियंता विमानाजवळच असतो आणि दोन मिनिटांत पाहून येतो. टॅक्सी (धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं) सुरू झाल्यावर सांगितलंत तर विमान परत फिरवावं लागेल, तरी ते हवेतल्यापेक्षा कितीतरी सोपं. धावपट्टीवर वेग 80 ते 100 नॉटच्या पुढे गेला की अगदी गंभीर कारणाशिवाय उड्डाण सोडत नाहीत. छोट्या विमानतळांवर टॅक्सी लवकर संपते. ‘स्थिरस्थावर झाल्यावर सांगू’ म्हणत बसू नका.

ग्वाल्हेरहून, हिवाळ्याबद्दल

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथे कडाका असतो. एअरबसच्या पंखाची वरची बाजू खिडकीतून स्वच्छ दिसते, म्हणून पंखाजवळच्या रांगांत बसलेल्यांनी एक नजर टाकावी. खालच्या बाजूला, इंधनाच्या टाकीच्या भागात गार इंधनामुळे हिमकण धरतात आणि बऱ्याच विमानांत तिथे 3 मिलिमीटरपर्यंत चालतात. वरच्या बाजूला मात्र बर्फाचा किंवा हिमकणांचा थर चालत नाही. नुसतं दव असेल तर ते थेंबाथेंबाने ओघळतं. पांढरा, खरखरीत, न हलणारा थर दिसला तर दार बंद होण्याआधी सांगा.

10 मार्च 1989 रोजी कॅनडात ड्रायडनला फोकर एफ-28 विमान पंखांवर बर्फ घेऊन निघालं आणि कोसळलं. 69 पैकी 24 जण गेले. प्रवाशांत सुटीवरचे वैमानिकही होते. बर्फ दिसत होता, तरी ते कॉकपिटला जाऊन बोलले नाहीत. ‘आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं’ हा आदर तिथे नडला.

इथला विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, छायाचित्रणाला मनाई असते. पुरावा म्हणून फोन काढत बसू नका, क्रूलाच खिडकीशी बोलवा.

धोकादायक वस्तूंचं प्रशिक्षण देणारा

सगळ्यात जास्त वेळ मी पॉवर बँकवर घालवतो, म्हणून इथेही जरा सविस्तर. पॉवर बँक चेक-इन सामानात कधीच नाही. मर्यादा 100 वॉट-अवर, आणि 100 ते 160 साठी विमान कंपनीची परवानगी. हिशोब सोपा आहे: एमएएच (पॉवर बँकवर छापलेली क्षमता) गुणिले 3.7, भागिले 1000. म्हणजे 20,000 एमएएचची 74 भरते आणि 27,000 ची जवळपास 100. आकडा पुसलेला असेल तर ती घरीच ठेवा.

ती वरच्या कप्प्यात ठेवू नका. तिथे तापली तर कुणाला कळत नाही. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या एअरबस 321 मध्ये आग वरच्या कप्प्यातच लागली. सगळे बाहेर पडले, विमान जळालं. तपासात रोख पॉवर बँककडेच गेला.

बिघाडाची चिन्हं आधी दिसतात: हातात धरवणार नाही इतकी उष्णता, फुगलेली बाजू, बारीक फुसफुस, गोडसर रसायनाचा वास. यातलं एकही दिसलं की लगेच क्रूला सांगा, धुराची वाट पाहू नका. एक सेल पेटला की उष्णतेने शेजारचा पेटतो, म्हणून ज्वाला विझली तरी काम संपत नाही. क्रू आधी हॅलॉनने (आग विझवणाऱ्या वायूने) ज्वाला मारतो, मग पाणी किंवा मद्य नसलेलं कुठलंही पेय ओतत राहतो, कारण उष्णता काढणं हाच खरा उपाय. तुम्ही त्यावर चादर टाकू नका, बर्फ ठेवू नका (आतली उष्णता कोंडते), आणि तापलेली वस्तू उचलून शौचालयाकडे पळू नका.

फोन सीटच्या फटीत गेला तर सीट पुढे-मागे करायचीच नाही. सीटच्या यांत्रिक भागात बॅटरी चिरडली जाते आणि तिथेच आग लागते. उठून बाजूला व्हा, क्रूला बोलवा, ते सीट उघडून काढतात. ‘एवढ्यासाठी काय त्यांना त्रास’ असं म्हणत हात घालणारे फार असतात.

निवृत्त अग्निसुरक्षा अधिकारी

वासाबद्दल. 2 जून 1983 रोजी डॅलसहून टोरंटोला जाणाऱ्या डीसी-9 मध्ये शेवटच्या रांगेतल्या एका प्रवाशाने क्रूला विचारलं होतं, हा विचित्र वास कसला? आग मागच्या शौचालयाच्या भागात होती. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली, ताजी हवा आत गेली आणि मिनिट-दीड मिनिटात केबिन पेटली. 46 पैकी 23 गेले. शौचालयात धूरसूचक आणि जमिनीलगत दिव्यांच्या पट्ट्या सक्तीच्या होण्यामागे हा अपघात आहे.

वास सांगताना ‘घाण वास’ म्हणू नका. जळलेल्या वायरचा तिखट वास, जळलेल्या कागदाचा, ओव्हनमधल्या खाण्याचा, की ओल्या मोज्यांसारखा? शेवटचा इंजिनाचं तेल हवेच्या नळीत आल्यावर येऊ शकतो आणि इंजिनाचा जोर वाढला की वाढतो. कुठल्या रांगेत जास्त येतो तेही सांगा. वासाचा माग काढायला क्रूला एकापेक्षा जास्त नाकं लागतात.

पुन्हा केबिन क्रू (पहिल्या ताई)

शेजारच्या माणसाबद्दल सांगायचं असेल तर गॅलीत (क्रूच्या खाण्यापिण्याच्या तयारीच्या जागेत) या, किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून दाखवा. जे पाहिलं तेच लिहा: ‘14 ए, दाराच्या दांड्याला दोनदा हात लावला.’ ‘बॉम्ब’ हा शब्द अंदाजाने वापरू नका. उंचावर दाबामुळे दार उघडत नाही हे खरं, पण उतरताना दाबाचा फरक कमी होतो. 26 मे 2023 रोजी दक्षिण कोरियात देगूजवळ एकाने उतरायच्या वेळी, साधारण 700 फुटांवर, दार उघडलं होतं. त्यामुळे दाराशी चाळा करणाऱ्याबद्दल उतरण्याची घोषणा व्हायच्या आधीच सांगा.

सीटबेल्टचं कुलूप अडकत नसेल, सीटची पाठ सरळ उभी राहत नसेल, तर तेही चढल्याबरोबर सांगा. आम्ही दुसरी सीट देतो आणि केबिनच्या दोषवहीत नोंद करतो. ती नोंद पाहूनच उतरल्यावर अभियंता दुरुस्ती करतो. तेव्हा राहिलं तर विमानातून बाहेर पडताना सांगितलंत तरी चालेल, फक्त सीटचा क्रमांक बरोबर द्या. कंपनीला किंवा एअरसेवावर (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) नंतर लिहायचं असेल तर फ्लाइट क्रमांक, तारीख, सीट, विमान तेव्हा काय करत होतं (टॅक्सी, चढण, उतरण) आणि कुणाला सांगितलं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा.