सेप्सिसमध्ये हृदयात चरबी साठते, म्हणून चरबी खाणं बंद?

निशिगंध: 'संसर्ग रक्तात पसरला की हृदयात चरबी साठते, तेव्हा रुग्णाची चरबी बंद करा' ही पोस्ट कालपासून तीनदा आली. आता राहवत नाही. अहो, निरोगी हृदय 60 ते 70 टक्के ऊर्जा फॅटी ॲसिड जाळूनच मिळवतं! सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव बिघडू लागतात तेव्हा, बिघडतं ते हे जाळणं. टीएनएफ-अल्फा, आयएल-1 हे दाह पेटवणारे निरोपे वाढले की पीपीएआर-अल्फा आणि पीजीसी-1 मंदावतात, आणि मेद जाळणाऱ्या जनुकांचे मुकादम तेच. फॅटी ॲसिड मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या चुलीत, नेणारं सीपीटी-1 कमी पडतं. मग आत आलेली चरबी थेंब होऊन पेशीत पडून राहते. चूल विझलीय म्हणून सरपण साठलंय. सरपण काढून घेतलं तर चूल पेटणार आहे का?

वाटसरू: पोस्ट मीच पुढे पाठवली होती. साठलेल्या मेदातून सेरामाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात, ते सोयीस्कर गाळलंत. साठा कमी तर इजा कमी, एवढं साधं आहे.

निशिगंध: साधं नाही. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) दिलेल्या उंदरांना रोसिग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध दिलं, तेव्हा दाह तसाच राहिला, पण मेद जळू लागला आणि हृदय सावरलं. उपाशी ठेवून नव्हे.

वाटसरू: उंदराला एंडोटॉक्सिन टोचलं म्हणजे सेप्सिस झाला? आणि हृदयाला धोका म्हणून ज्या औषधावर युरोपात 2010 साली बंदी आली, त्याचेच गोडवे?

निशिगंध: गोडवे नाहीत, यंत्रणा सांगतेय. माणसांचं हवं असेल तर 1987 चं घ्या. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमध्ये बीपी कोसळलेल्या, रुग्णांच्या हृदयातून परतणारं रक्त तपासलं. हृदय फॅटी ॲसिड कमी घेत होतं, ग्लुकोजही कमी, लॅक्टेट मात्र जास्त.

अबोली: तुमचं चालू द्या, पण मला एक बोलायचंच आहे. बाबांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, बीपी कोसळलं, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात चढतं ते ट्रोपोनिन वाढलं. आम्हाला सांगितलं, 'अटॅक आलाय.' अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही. पंपिंग 30 टक्के होतं, नवव्या दिवशी 55. अटॅकने मेलेला स्नायू नऊ दिवसांत जिवंत होतो का?

रात्रपाळी: मी आयसीयूत काम करतो. रात्री तीन वाजता ईसीजी बदललेला, ट्रोपोनिन चढलेलं असताना ब्लॉक नाही असं गृहीत धरू? तो निघाला असता तर तुम्हीच आम्हाला कोर्टात उभं केलं असतं.

अबोली: शंका घेऊ नका असं कोण म्हणतंय? अँजिओग्राफी झाल्यावर तरी शब्द बदलायचा! सेप्सिसमध्ये हृदय ढेपाळतं आणि वाचलेल्यांमध्ये सात ते दहा दिवसांत सावरतं, हे 1984 पासून माहीत आहे. आम्ही नातेवाईक अडाणी म्हणून सांगायचं नाही?

रात्रपाळी: अडाणी हा शब्द तुमचा. एका खाटेवरून दुसरीकडे धावताना काय अवस्था होते ते एक रात्र बघायला या.

निशिगंध: धाग्याचा विषय हा नाही...

अबोली: माझा हाच आहे. हृदयाची चूल विझली होती हे मला आज इथे कळतंय, दोन वर्षांनी.

रात्रपाळी: ठीक. अँजिओग्राफीनंतर समजावून सांगायला हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर 'अटॅक' तसंच राहिलं असेल तर चूकच. आणि वाटसरू, चरबी आम्ही सरसकट बंद करत नाही. रुग्णाला झोपवायचं प्रोपोफॉल 10 टक्के मेदाच्या द्रावणातच असतं. ट्रायग्लिसराइड वाढलं तर त्याचा डोस बघतो, एवढंच.

वाटसरू: 'चरबी बंद करा' मागे घेतो. साठा घातक, हे मागे घेत नाही.

निशिगंध: ते मीही नाकारलं नव्हतं. आधी ते का साठतं एवढंच विचारत होते.

अबोली: कार्डावर तसंच आहे. बाबा अजून जिना चढत नाहीत. 'मला अटॅक येऊन गेलाय' म्हणतात.