बिल्ला नसलेल्या जुन्या ड्रमचा निर्माता बांधणीवरून ठरवता येतो का?

जुनाबाजा (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून मी नुकताच १४ इंच व्यासाचा, लाकडी शेलचा (म्हणजे गोल पिंपाचा) साइड ड्रम विकत घेतला. त्याचा बिल्ला, म्हणजे निर्मात्याच्या नावाची पट्टी, केव्हाच गळून पडला आहे आणि हवेच्या छिद्राभोवतीचा, न विटलेल्या आवरणाचा तुकडा तेवढा त्याची खूण सांगतो. विकणाऱ्याने तो 'लुडविग' या अमेरिकी कंपनीचा म्हणून दिला आणि पुरावा म्हणून केवळ लगच्या, म्हणजे पान ताणणारे रॉड ज्यात फिरतात त्या शेलवरच्या धातूच्या तुकड्यांच्या, आकाराकडे बोट दाखवले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टारचा लुडविग सेट अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकल्यानंतर त्या नावाला जी झळाळी आली, ती आपल्याकडच्या जुन्या बाजारात अजून ओसरलेली दिसत नाही.

माझे म्हणणे असे की खरा साक्षीदार शेल हाच असतो. पान काढून आत पाहिले की साठच्या दशकातल्या लुडविगमध्ये तीन थरांचे शेल, वर-खाली मेपलची आधारकडी, आतून पांढरा किंवा करडा ठिपकेदार रंग आणि पुष्कळदा शाईने मारलेला तारखेचा शिक्का आढळतो. अमेरिकेच्याच ग्रेच कंपनीच्या शेलला कडी नसते आणि आतून रुपेरी रंग असतो. स्लिंगरलँड या अमेरिकी कंपनीच्या 'रेडिओ किंग' ड्रमचे शेल मेपलची एकच अखंड फळी वाफेवर वाकवून केलेले असल्यामुळे त्यातला एकमेव सांधा आतून सरळ नजरेस पडतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीचा इंग्लिश प्रीमियर कंपनीचा ड्रम तर नुसत्या मापावरून ओळखू येतो, कारण त्याचे शेल नावापुरतेच १४ इंचांचे असते. प्रत्यक्षात ते किंचित मोठे असल्याने आजचे १४ इंची पान त्यावर बसत नाही.

माझ्या ड्रमच्या आत रंग नाही, तांबूस आणि भरड रंध्रांच्या लुआन लाकडाचे थर आहेत आणि आधारकडी फिकट लाकडाची आहे. साठच्या दशकातल्या जपानी ड्रमची ही नेहमीची बांधणी होय. तेव्हा हा लुडविग नव्हे, आणि हे ठरवण्यासाठी बिल्ल्याची गरज मला वाटत नाही.

कागदपुरावा

आपण जे सिद्ध केले आहे ते देश आणि काळ, निर्माता नव्हे. त्या काळातले जपानी कारखाने परदेशी आयातदार सांगेल ते नाव ड्रमवर लावून देत, त्यामुळे एकाच बांधणीचा ड्रम अनेक नावांनी विकला गेला. 'जपानी' म्हटल्याने पर्ल कंपनी की स्टार कंपनी की आणखी कोणी, हा प्रश्न जागचा हलत नाही.

अमेरिकेतही स्थिती फारशी निराळी नाही. लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागोत सुरू केलेला व्यवसाय १९३० च्या सुमारास कॉन या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. पुढे विल्यम लुडविग यांनी १९३७ मध्ये पुन्हा कारखाना काढला, तेव्हा स्वतःचेच आडनाव वापरता येत नसल्याने त्यांना 'डब्ल्यू.एफ.एल.' हे नाव घ्यावे लागले. ते आडनाव १९५५ मध्ये परत मिळाले, आणि त्याच सुमारास लीडी या दुसऱ्या जुन्या ड्रम कंपनीचे नाव स्लिंगरलँडकडे जाऊन त्यांच्याच कारखान्यात लीडीचे ड्रम बनू लागले. अशा ड्रमचा निर्माता लीडी म्हणायचा की स्लिंगरलँड? मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा असतो म्हणून आपण त्या तंबोऱ्याला पंढरपुरी म्हणत नाही. बिल्ला किंवा जुनी पावती हाती असल्याशिवाय नाव घेणे हा अंदाज आहे, आणि अंदाजाला अंदाजच म्हणावे.

जुनाबाजा

लीडीचे आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. बिल्ला नाव सांगतो, शेल कारखाना सांगते, आणि मी कारखान्याविषयी बोलत आहे. लुडविगच्या बिल्ल्यांवर १९६३ च्या अखेरीपासून क्रमांक येऊ लागले खरे, पण ते बिल्ले क्रमाने लावलेच गेले नाहीत. त्यामुळे निव्वळ क्रमांकावरून साल सांगणारा माणूस हमखास चुकतो.

आटे_आणि_ताल

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि रविवारी बँडमध्ये वाजवतो. आपण दोघेही लोखंडी-पितळी सामानाला फार लवकर बाजूला सारत आहात, असे मला वाटते. रॉडवर आट्यांचा गेज लावून पाहा. बहुतेक अमेरिकी रॉडवर इंचाला २४ आटे असतात, तर जर्मनीच्या सोनॉरचे आटे मेट्रिक असतात. धातूचे शेल असेल तर लोहचुंबक लावावे. तो चिकटला की पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्ही बाद होतात.

मात्र आमच्या गावचा एक धोका बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथे फाउंड्री आणि लेथ हाताशी असल्याने तुटलेला लग परदेशातून मागवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मूळ लगच मातीत दाबून साचा करतात आणि नवा ओततात. धातू थंड होताना आकसतो. पॅटर्न (साचा उठवण्याचा नमुना) करणारा कारागीर त्यासाठी आकारात सूट ठेवतो, पण मूळ लगच पॅटर्न म्हणून वापरला की ती सूट राहत नाही आणि नक्कल लहान निघते. ॲल्युमिनियम साधारण शंभरास सव्वा ते दीड आकसते, म्हणजे ५० मिलिमीटर लांबीच्या लगमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो व्हर्नियर कॅलिपरवर स्पष्ट दिसतो. आपल्या ड्रमचे आठही लग वेगवेगळे मोजावेत आणि मगच साक्षीदार कोण ते ठरवावे.

मिरवणूकवाला

शेलची साक्षही इतकी निर्मळ नसते. मिरवणुकीत वर्षानुवर्षे खांद्याला अडकवलेल्या ड्रमचे पान नीट बसावे म्हणून कोणीतरी त्याची कड कधीतरी घासलेली असते, आणि आतून ऑइलपेंटचा हात फिरवलेला असतो. माझ्या एका ड्रमच्या आतला 'रुपेरी रंग' पत्र्याच्या पेटीला लावून उरलेला निघाला. त्याच्या भरवशावर ग्रेच म्हणणारे दोघे मला भेटले आहेत.

जुनाबाजा

आठही लग मोजले. सहा एकसारखे आहेत. दोन प्रत्येकी ०.७ मिलिमीटरने आखूड, आतून खरबरीत आणि वजनाला जड आहेत. रॉडचे आटे सहा लगमध्ये सहज फिरतात, दोनमध्ये अडखळतात. लगच्या आकारावर विसंबू नये, हे माझे म्हणणे यामुळे पक्केच झाले. मात्र 'बिल्ल्याची गरज नाही' हे वाक्य मी मागे घेतो. 'जपान, साठचे दशक, कारखाना अनिश्चित' एवढेच चिठ्ठीवर लिहून ती शेलच्या आत चिकटवतो.

कागदपुरावा

'साठचे दशक' याच्या आधीही 'बहुधा' लिहावे. लुआनचे शेल सत्तरीतही बनत होते.

आटे_आणि_ताल

ते दोन आखूड लग बदलू नका, आणि शक्य असल्यास एकदा माझ्याकडे घेऊन या. जपानचा कारखाना मला सांगता येणार नाही, पण ओतकामाचा कण आणि टॅपिंगची (आतले आटे पाडण्याची) पद्धत पाहून ते दोन इथल्या कोणत्या शेडमधून निघाले असतील, हे सांगणारी म्हातारी माणसे आमच्या गल्लीत अजून आहेत.