किल्लारी आणि देवाचा क्रोध

किल्लारीचा भूकंप हा देवाचा क्रोध होता आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या आता पृथ्वीवर ओतल्या जाताहेत, असं तुम्ही लिहिलंत. मी जालन्याचा, ख्रिस्ती घरातला. वाचून जीव कळवळला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आल्याने. त्यात पाळण्यातली लेकरंही होती. त्यांचा कसला अपराध?

यरुशलेमेतल्या शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून जास्त पापी होते का, असा प्रश्न येशूनेच केला आणि उत्तरही दिलं, नाही (लूक 13). पश्चात्तापाचा इशारा पुढच्याच वाक्यात आहे, पण तो जिवंत ऐकणाऱ्यांना. मेलेल्यांचा निवाडा त्याने केला नाही.

न्यायाचा दिवस येणार, हे मीही मानतो. माझ्या आजीच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मत्तय 24:36 खाली पेन्सिलची रेघ आहे, कागद तिथे बोट फिरून फिरून मऊ झालाय. तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं ते वचन. मग आपण तारखा कशाला काढायच्या?