'पश्चात्ताप' : होतो की करायचा असतो?

प्रश्न : बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे' असे वाक्य आहे. रोजच्या बोलण्यात मात्र आपण 'मला पश्चात्ताप झाला' असे म्हणतो. जी गोष्ट आपसूक होते ती करण्याची आज्ञा कशी देता येईल? ख्रिस्ती मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे काय? शिवाय 'पश्चाताप' असेही छापलेले आढळते. त्यातले शुद्ध कोणते?

उत्तर : लेखनाचे आधी उरकतो. पश्चात् आणि ताप अशी फोड असल्यामुळे 'पश्चात्ताप' हेच रूप शुद्ध आहे. उच्चारात एक त गिळला जातो, म्हणून लिहितानाही तो सुटतो, इतकेच.

अर्थाचा प्रश्न मात्र आपण नेमका विचारला आहे. मराठीत पश्चात्ताप हा मुळात भोग आहे, आणि ज्याला तो होतो तो वाक्यात चतुर्थीत बसतो, जसा ताप आलेला किंवा भूक लागलेला माणूस बसतो. 'नंतर पश्चात्ताप करण्याची पाळी येईल' या वाक्यात 'करणे' हे क्रियापद आले तरी तिथेही अर्थ भोगण्याचाच आहे, कारण पाळी येते ती भोगण्याची. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइआ' मात्र तापाविषयी काहीच सांगत नाही. त्यात 'नूस' म्हणजे मन, बुद्धी, आणि 'मेटा'मुळे येणारा पालटाचा अर्थ, एवढीच सामग्री आहे. त्यामागे उभे असलेले हिब्रू क्रियापद 'शूब' तर सरळ पायांशी निगडित आहे : मागे फिरणे, परत येणे. म्हणजे मराठी शब्द दुःखावर बोट ठेवतो आणि मूळ शब्द दिशेवर.

प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात या दोहोंमध्ये स्पष्ट रेघ ओढली आहे. देवाला अनुसरून असलेले दुःख पश्चात्तापाकडे नेते आणि जगाचे दुःख मरणाकडे, असे तो म्हणतो. दुःख जर पश्चात्तापाकडे नेत असेल, तर दुःख हाच पश्चात्ताप असू शकत नाही. येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदाने ते पैसे परत आणून टाकले, त्या प्रसंगी मत्तय 'मेटानोइआ'च्या कुळातला शब्द वापरत नाही. तिथे वेगळेच क्रियापद आहे, आणि त्याला आपले 'पस्तावणे' अगदी चपखल बसते.

लॅटिन भाषांतराने या शब्दाला आणखी एक वळण दिले. तिथली आज्ञा 'प्रायश्चित्त करा' अशीही वाचता येत असे, आणि मग ती एका विधीत मावू लागली. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ साली मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी (म्हणजे वादासाठी मांडलेल्या विधानांपैकी) पहिलाच या वाक्यावर आहे : 'पश्चात्ताप करा' असे म्हणताना, विश्वासणाऱ्यांचे सबंध आयुष्यच पश्चात्ताप व्हावे, असा प्रभूचा हेतू होता. प्रायश्चित्त म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे क्षौर आणि पंचगव्य येते, त्यामुळे आपल्या भाषांतरकारांनी तो शब्द टाळला हे बरेच झाले.

प्रतिसाद : 'उपरती' किंवा 'अनुताप' का नको? दोन्ही शब्द आपल्या संतपरंपरेत रुळलेले आहेत.

उत्तर : अनुतापातही ताप आहेच, त्यामुळे अडचण जागच्या जागी राहते, शब्द मात्र पश्चात्तापापेक्षा हळुवार आहे, हे मान्य. उपरती हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्याचा मूळ अर्थ थांबणे, परावृत्त होणे असा आहे. परंतु वर्तमानपत्रांनी त्याची रया घालवली. 'निवडणूक जवळ येताच मंत्र्यांना उपरती' असा मथळा वाचलेल्या माणसाला हा शब्द उपासनेत ऐकवला, तर तो गालातल्या गालात हसेल.

माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द 'पालट' हा आहे. (खांदेपालटामुळे तोही थोडा विटाळला आहे, पण निभावतो.) लहानपणी नगर जिल्ह्यातील आमच्या गावच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) एक चुलते दर वर्षी साक्ष देण्यास, म्हणजे आपला अनुभव सर्वांपुढे सांगण्यास, उभे राहत, आणि भावाच्या शेताचा बांध आपण नांगरताना कोरत कोरत दोन हात आत नेल्याचे सांगून हमसून रडत. लोकही डोळे पुसत. एका वर्षी पाळकसाहेब त्यांना सर्वांदेखत म्हणाले, 'दादा, रडणं झालं, आता दगड हलवा.' त्या आठवड्यात चुलत्यांनी दोरी लावून हद्दीचे दगड मागे घेतले, आणि मधल्या वर्षांच्या ज्वारीचा हिशेब करून चार पोती भावाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. पुढच्या साक्षीच्या वेळी ते उठलेच नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदारही असाच पालटला, पण तो रडल्याचा उल्लेख नाही. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा करतो.

प्रतिसाद : प्रेषितांच्या कृत्यांत (३:१९) 'पश्चात्ताप करा व वळा' अशी दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत. पश्चात्ताप म्हणजेच वळणे असेल, तर दुसरे क्रियापद कशाला?

उत्तर : हा आक्षेप रास्त आहे आणि माझे विधान त्याने थोडे मऊ करावे लागते. तिथे ग्रीकमध्येही दोन निराळी क्रियापदे आहेत : एक मनाच्या पालटाचे, दुसरे प्रत्यक्ष वळण्याचे. तेव्हा 'मेटानोइआ' आतून सुरू होते आणि पाऊल नंतर पडते, असे म्हणणे अधिक नेमके. मात्र ते आतले काम म्हणजे हळहळ नव्हे, हा माझा मुद्दा तेवढ्याने ढळत नाही.

याच संदर्भात 'धर्मांतर' हा शब्द वेगळा ठेवावा. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, १९०० साली. पण जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे हे त्यांना त्याआधीच पटले होते, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच सुरुवात केली, असे त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तून दिसते. म्हणजे धर्मांतराची नोंद मागाहून झाली. पालट आधी पाण्याच्या तांब्यापाशी झाला होता.

शेवटी वापराविषयी. छापील वचनातील 'पश्चात्ताप करा' बदलू नये, कारण कानाला त्याची सवय झाली आहे. निरूपणात मात्र 'मन पालटा, मागे फिरा' असे उलगडून सांगावे. रोमकरांस पत्रातील बाराव्या अध्यायात 'मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या' असे जे भाषांतर आहे, त्याला अजिबात हात लावू नये. ग्रीकमध्ये तिथे कर्मणी प्रयोगातील आज्ञार्थ आहे. 'रूपांतर करा' म्हटले असते तर सगळा भार माणसावर पडला असता, आणि 'रूपांतर होईल' म्हटले असते तर आज्ञाच उरली नसती. 'होऊ द्या' या दोन शब्दांत मराठीने दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत.