१८७१ च्या जनगणनेत एकाच नावाचे दोन मुलगे: आमचे पूर्वज कोणते?

प्रश्न

माझ्या पणजीचे वडील मूळचे इंग्लंडचे. रेल्वेच्या नोकरीनिमित्त ते मुंबई इलाख्यात आले, येथेच त्यांचे लग्न झाले आणि येथेच ते वारले, एवढेच घरात ठाऊक आहे; त्यांच्या आईवडिलांची नावे कोणालाही सांगता येत नाहीत. इंग्लंडच्या १८८१ च्या जनगणनेत त्यांची म्हणता येईल अशी एकच नोंद मिळाली: वय १९, रेल्वे इंजिनावर कोळसा घालण्याचे काम, एका विधवेच्या घरी भाडेकरू, जन्मस्थान प्रेस्टन. १८७१ मध्ये मात्र त्याच नावाचे, प्रेस्टनलाच जन्मलेले दोन मुलगे आहेत. एक ९ वर्षांचा, आईवडिलांजवळ प्रेस्टनला. दुसरा १० वर्षांचा, आजीआजोबांकडे बोल्टनला, आडनाव आजोबांचेच. ते आजोळी वाढले असे माझी आजी नेहमी सांगत असे, त्यामुळे मन दुसऱ्याकडे ओढ घेते. वय मात्र पहिल्याचे जुळते. निर्णय कशाच्या आधारे करावा?

उत्तर १

एका वर्षाच्या फरकाला फार महत्त्व देऊ नये. घरोघर वाटलेले तक्ते कुटुंबप्रमुखाने भरायचे आणि प्रगणकाने ते आपल्या वहीत उतरवून घ्यायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. इंग्लंडमधले १९०१ पर्यंतचे ते मूळ तक्ते राहिले नाहीत. आपण पाहतो त्या या वह्या. म्हणजे १८८१ मधले १९ हे वय बहुधा त्या घरमालकिणीने सांगितलेले आहे, आणि भाडेकरूचे नेमके वय तिला ठाऊक असेलच असे नाही.

आपण कोणाला स्वीकारायचे याआधी कोणाला वगळता येते ते पाहावे. जनगणना एका ठरलेल्या रात्रीची असे. १८८१ मध्ये ती ३ एप्रिलची होती. प्रेस्टनचा मुलगा त्या रात्री आईवडिलांच्या घरी नोंदलेला असेल, तर भाडेकरू तो नव्हे. (एकाच माणसाची दोन घरी नोंद झाल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळा.) तो सापडला नाही, तर त्याचे लग्न किंवा मृत्यू शोधावा.

दुसऱ्या मुलाबद्दल आपल्या आजींच्या आठवणीतच एक धागा आहे. घर खरोखर आजोळ असेल आणि मुलाचे आडनाव आईच्या वडिलांचे असेल, तर आई बहुधा अविवाहित होती. १८७१ मध्ये १० वर्षांचा असलेला मुलगा ७ एप्रिल १८६१ च्या जनगणनेत तान्हा म्हणून दिसायला हवा, आणि वर्षाच्या आतल्या मुलांचे वय महिन्यांत लिहीत. ते घर १८६१ मध्ये शोधावे, आणि केवळ नावांच्या सूचीवर न थांबता वहीच्या पानाचे छायाचित्रच पाहावे. जुने अक्षर उतरवताना आडनावे फार बिघडतात.

उत्तर २

विवाह मुंबई इलाख्यात चर्चमध्ये झाला असेल, तर त्याची प्रत लंडनला पाठवली गेली असण्याचा चांगला संभव आहे. या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत, आणि विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावे असतात. मात्र अविवाहित मातेची मुले त्या रकान्यात कधीकधी आजोबांचे नाव देत, हे लक्षात ठेवावे.

प्रश्नकर्ती

आपण दोघांचे मनापासून आभार. प्रेस्टनचा मुलगा १८८१ मध्ये आईवडिलांच्याच घरी आहे आणि सूतगिरणीत कामाला आहे. १८६१ मध्ये दुसरे कुटुंबही प्रेस्टनलाच होते. त्या घरात २० वर्षांची अविवाहित मुलगी, विणकाम करणारी, आणि तिच्या खालच्याच ओळीत दोन महिन्यांचा मुलगा, नाते ‘नातू’. हीच त्यांची आई, असे आता म्हणता येईल का?

उत्तर ३

फार जवळ आला आहात, पण अजून नाही. जनगणनेत नाते लिहिले जाते ते कुटुंबप्रमुखाशी. नातवंडाची आई कोण, हे तो रकाना सांगत नाही. लागोपाठच्या ओळींमुळे तसे वाटते खरे, तरीही तो दुसऱ्या मुलीचा किंवा वेगळ्या राहणाऱ्या मुलाचा मुलगा असू शकतो.

इंग्लंडमध्ये जन्मांची सरकारी नोंदणी १८३७ पासून आहे, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत तेव्हापासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिसते. आई अविवाहित असेल तर तेथे केवळ एक आडवी रेघ असते. ७ एप्रिलला दोन महिन्यांचे असलेले मूल जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जन्मले असणार, आणि नोंदणीची मुदत ४२ दिवसांची होती. म्हणून १८६१ ची मार्चअखेरची तिमाही, प्रेस्टन जिल्हा, येथून आरंभ करावा. तशी नोंद मिळाल्यास दाखल्याची प्रत मागवावी, कारण आईचे पूर्ण नाव त्यावरच असते. तोवर वंशावळीत त्या मुलीचे नाव पेन्सिलीने लिहावे आणि शेजारी १८६१ च्या पानाचा संदर्भ द्यावा.