जुन्या थारला देशी एचटी टायर लावला तर 'गाडीचा अपमान' कसा होतो?

जुन्नरी
काल इथे एका दादांनी लिहिलं की फोर बाय फोर घेऊन तिला देशी एचटी (डांबरी रस्त्यासाठीचे) टायर लावणं हा गाडीचा अपमान आहे, आणि परदेशी एटी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) परवडत नसतील तर माणसाने साधी गाडी घ्यावी. खाली कौतुकाची रांग लागली होती. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जनावरांचा डॉक्टर. गाडी जुनी सीआरडीई थार, टायर २३५/७० आर १६. ओतूरपासून माळशेजच्या अलीकडच्या वाड्यांपर्यंत माझी फिरती असते. फोर व्हील लागते ती पावसाळ्यात, वस्तीवरच्या शेवटच्या चढाला. बाकी सगळं डांबर, तेही चार महिने ओलं. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की एचटीची बारीक चिरांची नक्षी एटीच्या मोठ्या ठोकळ्यांपेक्षा चांगली धरते. रात्री दोन वाजता अडलेल्या गाईकडे निघालो की मला घाटाच्या वळणावर पकड हवी असते. फोटोत टायर कसा दिसतो याच्याशी मला देणंघेणं नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि त्या दादांनी त्याला हातही लावला नाही. आपल्या गाड्या पार्टटाइम फोर व्हील. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, फोर एच (चारही चाकांना जोर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. आता मागे १० मिमी नक्षीचे नवे टायर आणि पुढे घासून ४ मिमीवर आलेले जुने, असं धरा. व्यासात १२ मिमीचा फरक पडला, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ७ फेऱ्यांचा. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कडक जमिनीवर तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, अंगावर येतो. म्हणून ज्याच्या खिशात दोनच परदेशी टायरचे पैसे आहेत, त्याने त्याच पैशात चार सारखे देशी घ्यावेत. नवे, कंपनीच्याच मापाचे.

लाल माती
डॉक्टर, तुमचं डांबर तुम्हाला लखलाभ. माझा चिऱ्याच्या खाणींचा धंदा आहे, राजापूरकडे. खाणीत उतरताना कापलेल्या जांभ्याच्या कडा टायरच्या बाजूला लागतात. एका पावसाळ्यात दोन एचटी बाजूला फाटले. नक्षीवरचं पंक्चर निघतं, बाजू फाटली की टायर भंगारात. मग तुमचा स्वस्त टायर स्वस्त राहिला का? एटी लावल्यापासून त्रास थांबला. ज्याला दगड माहीत नाही त्याने एचटीची वकिली करू नये.

जुन्नरी
दगड मलाही माहीत आहे, आमच्याकडे काळा कातळ आहे. पण तुम्ही नक्षी आणि बाजू यांची गल्लत करताय. एटी लिहिलं म्हणजे बाजू जाड असं नसतं. टायरच्या बाजूवरच किती पदर (आतल्या दोऱ्यांचे थर) आहेत ते छापलेलं असतं, ते वाचा. बऱ्याच एटींची बाजू एचटीइतक्याच पदरांची असते. तीन पदरी बाजू हवी तर बहुतेक एलटी (हलक्या ट्रकच्या) प्रकारात जावं लागतं. तो जड, कडक, त्यात हवाही जास्त लागते. खाणीसाठी तो घ्या, माझी हरकत नाही. पण तुमच्या खाणीचा नियम शाळामास्तरच्या जिप्सीला लावू नका.

नाना_फोरबायफोर
दोघंही पैसे वाया घालवताय. पुण्यात पोरं नवी थार घेतात आणि महिन्याच्या आत कंपनीचे टायर काढून मोठे लावतात. ते काढलेले टायर घ्या! नक्षी जवळजवळ पूर्ण, भाव निम्म्याच्या आसपास. २४५/७५ आर १६ मिळतो, १६ च्या डिस्कवर बसतो. माझ्या जुन्या थारवर तोच आहे.

जुन्नरी
नाना, बसतो हे खरं. पण २३५/७० चा व्यास ७३५ मिमी, २४५/७५ चा ७७४. पाच टक्के वाढला. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ ने चाललेली असते. पिकअप पडतो, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की घासण्याची भीती. आणि काढलेल्या टायरची तारीख बघितली का? टायरच्या बाजूवर डॉट (DOT) शब्दाच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. ३२२१ असेल तर २०२१ सालचा ३२ वा आठवडा. गोदामात पडून कडक झालेलं रबर नक्षीवरून कळत नाही.

नाना_फोरबायफोर
तारीख बघूनच घेतो, एवढं मलाही कळतं. आणि पाच टक्क्यांनी कुणाची गाडी बंद पडली नाही आजवर. तुम्ही लोक कागदावर गाडी चालवता.

वर्धेकर
भाऊ, तुम्ही घाटातलं बोलून राहिले, इकडचं सांगतो. समृद्धीवर स्वस्त टायर चालतच नाही. काँक्रीट उन्हाळ्यात असं तापते की टायर फुटलाच समजा. माझ्या भावजींचा देशी एटी मेहकरच्या पुढे फुटला, गाडी दुभाजकापर्यंत गेली. देव पावला म्हणून वाचले. टायर नवाच होता! त्या दिवसापासून मी देशी टायरचं नाव काढत नाही.

गिअर_तिसरा
काँक्रीटला दोष देणं बंद करा आता. डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी सुरू झाल्यापासून हेच ऐकतोय. कारला मर्यादा १२० ची. टायरवर वेगाचं अक्षर छापलेलं असतं; क्यू छापलेला मड टायरसुद्धा १६० पर्यंतचा असतो, एस असेल तर १८०. मग १२० ला का फुटतो? हवा कमी, वजन जास्त, नाहीतर टायर म्हातारा. कमी हवेत बाजू सतत दुमडते, आतून तापते, पदर सुटतात. सरळ रस्त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, तासन्तास तोच वेग. टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. घासलेल्या टायरच्या गाड्या आरटीओने तिथे अडवायला घेतल्या त्या उगाच नाही.

वर्धेकर
म्हणजे माझ्या भावजींनी हवा बघितली नाही म्हणता? तुम्ही होते काय तिथं? वीस वर्षांपासून गाडी चालवतात ते. काहून दुसऱ्याच्या माणसावर बोट ठेवता बे?

गिअर_तिसरा
बोट ठेवत नाही, प्रश्न विचारतोय. एटी लावणारे लोक चिखलात, वाळूत जाताना हवा २० वर आणतात आणि परत भरत नाहीत. त्याच हवेवर हायवेला लागतात. भावजी त्याआधी कुठे गेले होते?

लाल माती
हे बरोबर बोलले. आमच्या किनाऱ्यावर दर सुट्टीला हेच. गाडी वाळूत नेतात, रुतली की ट्रॅक्टरवाल्याला बोलावतात, मग त्याच मऊ टायरवर मुंबई. किनाऱ्यावर गाडी नेऊ नका, पाट्या वाचा!

कोल्हापूरचा पैलू
नायट्रोजन भरा की राव, मग हे होतच नाही.

गिअर_तिसरा
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंपावर पैसे घेऊन जो भरतात त्याने पातळी थोडी हळू उतरते, बस. गेज घ्या एक चांगला आणि सकाळी गाडी थंड असताना बघा.

कोल्हापूरचा पैलू
गेज घेतो. पण मला सांगा, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तरी आमच्या गावच्या दुकानदाराने मला जुन्याच भावात का दिला? म्हणे जुना माल. चार टायरचा फरक मोजा जरा. त्यावर कुणी बोलत नाही, सगळे काँक्रीटवर भांडताय.

जुन्नरी
पैलूभाऊ, हे महत्त्वाचं आहे. बिलावरचा जीएसटी वाचा, १८ च्या जागी २८ लावला असेल तर तक्रार करा. आणि परदेशी टायर महाग का, तेही इथे यायला हवं. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, परवान्याशिवाय माल येत नाही. माप मिळेना, मिळालं तर चारातले दोनच. तुकड्या-तुकड्याने गोळा केलेल्या त्या टायरांनी चार सारखे कसे होणार? मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

नाना_फोरबायफोर
डॉक्टर, चार नाही, पाच म्हणा. स्टेपनी जुनी ठेवलीत तर पंक्चर झाल्या दिवशी तुमचं सगळं गणित मोडलं.

जुन्नरी
हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. पाच घ्यावेत आणि पाचही आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदलून फिरवावेत. फोर व्हील बंद असताना मागचीच चाकं गाडी ओढतात, मागचे आधी जातात. फिरवले नाहीत तर सारखे घेऊनही उपयोग नाही.

लाल माती
चारही सारखे हवेत, एवढं मान्य करतो. माझा एक कामगार दोन नवे दोन जुने घालून फिरला आणि ट्रान्सफर केस खोलावी लागली, ते आठवलं. एचटी मात्र मी माझ्या गाडीला लावणार नाही. देशी एटीचा सेट बघतो, बाजूचे पदर वाचून.

जुन्नरी
तेवढंच म्हणत होतो. खाणीला एटी, माझ्या वाड्यांना एचटी, दोन्ही देशी मिळतात. आणि इथून पुढे कुणाच्या गाडीचा अपमान वगैरे लिहू नका. ज्याला दूध घालून, शाळा करून, जनावरं तपासून टायरचे पैसे काढायचे असतात, त्याला ते वाक्य लागतं.

वर्धेकर
भावजींना फोन केला होता. आदल्या दिवशी शेतात रुतली म्हणून हवा काढली होती, भरली नाही म्हणतात. हवेचं मानलं. पण काँक्रीट तापते ते तापतेच, त्यावर मी मत बदलणार नाही. मे महिन्यात दुपारी या आमच्याकडे, आणि हात लावून बघा टायरला.

गिअर_तिसरा
हात नको, गेज लावा. आणि तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून काढू नका, थंड झाल्यावर तो कमी हवेवर बसेल. भावजींना बाकीचे तीन टायर उतरवून आतून तपासायला सांगा, तेही त्याच हवेवर तेवढंच धावलेत.