मदत हवी आहे : ऐन उन्हाळ्यात पुदिना छाटावा का?

नमस्कार. पुण्यात आमच्या घराला पश्चिमेकडे लहानशी गच्ची असून तेथे दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत थेट ऊन असते. तुळस, पुदिना, गवती चहा, पानओवा आणि कढीपत्ता कुंड्यांत लावलेले आहेत. गुढीपाडव्यानंतर मी तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या, 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली आणि मातीवर वाळक्या पाल्याचा दोन बोटे जाड थर दिला. कोथिंबीर फुलावर आली आहे; उन्हात ती अशी येणारच, म्हणून धण्यांसाठी तशीच ठेवली आहे.

काळजी वाटते ती पुदिन्याची. सहा वर्षांपूर्वी आईने वाईच्या घराच्या परसातून, मोरीच्या पाण्यावर पसरलेल्या पुदिन्याच्या काड्या दिल्या होत्या. ते घर आता आमचे राहिलेले नाही, त्यामुळे हे रोप गेले तर बाजारातील जुडी लावून माझे समाधान होणार नाही. आठवड्यापासून पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसत आहेत, पानांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी आहे आणि पांढऱ्या कागदावर पान झटकले की धुळीएवढे कण चालू लागतात. कोरड्या, तापलेल्या हवेत वाढणारी ही लाल कोळी नावाची बारीक कीड असावी असे मला वाटते. तीन दिवस पाने खालून पाण्याने धुतल्यावर ती कमी झाली, पण गेली नाही.

एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल साबणासह मिसळून संध्याकाळी फवारावे, असा विचार आहे. परंतु चटणीला पाने रोज लागत असल्याने फवारणीनंतर किती दिवस थांबावे? की सर्व काड्या मातीपासून दोन बोटांवर छाटून नवी फूट येऊ द्यावी? बारा इंची कुंडी मुळांनी इतकी गच्च भरली आहे की घातलेले पाणी कडेने थेट खाली उतरते, आणि अशा रोपाला एप्रिलच्या उन्हात पुन्हा फुटण्याची ताकद असेल का, याची मला शंका वाटते. खबरदारी म्हणून पाच निरोगी काड्या धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्यात ठेवल्या आहेत; त्यांपैकी दोन काड्यांच्या पेरांना पांढरी मुळे फुटली आहेत.

गवती चहाचा गड्डाही मध्यभागी वाळला आहे, पण तो फोडण्यासाठी मी पावसाची वाट पाहणार आहे.

पुदिना अशा उन्हात ज्यांनी छाटला असेल, त्यांनी किती उंची राखली, कुंडी तेव्हाच बदलली की नंतर, आणि नवी फूट किती दिवसांत आली, हे कृपया सविस्तर सांगावे.